घाटातून आलेला ऑर्गन

माझं लग्न ऑर्गनमुळे ठरलं, असं आमच्या घरात अजून म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. मी नगरची. तिथल्या आमच्या चर्चमध्ये शाळेत असल्यापासून ऑर्गन वाजवत होते. महाडहून मंडळी मला बघायला आली तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं नाही की शिक्षणाचं विचारलं नाही. कपबशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पायपेटी येते म्हणे तुला?"

"येते."

"पुस्तकात बघून की कानानं?"

"दोन्ही."

"बरं झालं. आमच्याकडे माझ्यानंतर कोणी नाही."

मला वाटलं, आता लग्न झालं की मीच वाजवायचं. तसं झालं नाही. सासूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, चाळिशीच्या पुढे नुकत्याच गेलेल्या, धडधाकट. महाडमधल्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये भक्तीला गेलो तेव्हा त्या सरळ जाऊन ऑर्गनसमोर बसल्या आणि मला शेजारी उभं राहून पुस्तकाची पानं उलटायला सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं मी पानंच उलटत होते.

आमचं चर्च अगदी लहान. वर कौलं, जांभ्या दगडाच्या भिंती, मनोरा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला जुनी शाळा वाटावी असं. मंडळीही थोडीच. बँकेत, कोर्टात, एसटीत, दवाखान्यात नोकरीला असलेली आठ-दहा घरं, त्यातली निम्मी बदलीवर येऊन जाणारी. पुढे एमआयडीसी वाढली तशी आणखी काही आली. तेवढ्या माणसांसाठी ऑर्गन म्हणजे जरा चैनच होती. पण तो होता, आणि त्याच्याआधीही एक होता.

तो आधीचा मी पाहिलेला नाही. सासूबाईंनीही पाहिला तो मेलेलाच. मिशनच्या कोणा परदेशी बाईंनी तो आणलेला. त्या काळी महाडचा माल खाडीनं यायचा, तसा तोही गलबतातून दासगावच्या बंदरात उतरला आणि तिथून बैलगाडीनं आला. बाई गेल्या, मागे वाजवणारं कोणी राहिलं नाही. एका पावसाळ्यात चर्चचं छत गळायला लागलं म्हणून भक्ती कोणाच्या तरी घरी होत होती. पाऊस संपल्यावर दार उघडलं, लोक ऑर्गनचं झाकण वर करायला गेले तर झाकण हातात आलं. आतलं लाकूड सगळं वाळवीनं खाल्लेलं. भात्याचं कापड, चामडं, सगळं. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तेवढ्या वर तशाच मांडलेल्या. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो सांगाडा एका कोपऱ्यात पडला होता आणि त्याच्यावर सतरंज्यांच्या घड्या ठेवत असत.

सासूबाईंना ऑर्गनचा नाद नर्सिंग शिकताना लागला. हॉस्टेलच्या प्रार्थनेच्या खोलीत एक होता. महाडला आल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या मागे टुमणं लावलं. सासरे एसटीच्या डेपोत होते, चार ठिकाणी ओळखी असलेला माणूस. त्यांना कुठून तरी कळलं की पाचगणीच्या एका शाळेत नवा पियानो आलाय आणि जुना ऑर्गन अडगळीत जाणार आहे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विनंती केली, शाळेनं तो देऊन टाकला. प्रश्न आणायचा होता.

आमच्या गल्लीत एक मुसलमान शेजारी राहत. त्यांचा स्वतःचा ट्रक होता आणि तो ते स्वतःच चालवत. इथून तांदूळ भरून घाट चढायचा आणि वाईहून कांदे-बटाटे घेऊन उतरायचं, हा त्यांचा नेम. मी त्यांना पुढे चाचा म्हणायला लागले, म्हणून इथेही चाचाच म्हणते. त्यांनी येताना ऑर्गन आणायचं कबूल केलं. सासूबाई म्हणाल्या, "मी बरोबर येणार." दवाखान्यातून रजा काढून त्या आणि सासरे निघाले.

पुढचं मी दोघांकडूनही ऐकलंय. सासूबाई थोडं सांगत, सासरे जास्त.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, परतीचा पाऊस चालू. ऑर्गन गोणपाटात गुंडाळून बटाट्याच्या पोत्यांच्या मध्ये, हलणार नाही असा बसवला होता. सासूबाई पुढे केबिनमध्ये बसायला तयार नव्हत्या. मागे ताडपत्रीखाली ऑर्गनला टेकून बसल्या. आंबेनळी घाट निम्मा उतरले आणि पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या. वरून एक मोठी धोंड रस्त्यात आली होती. एक एसटी, दोन-तीन ट्रक, एक जीप. धुकं इतकं की पुढच्या एसटीचा मागचा पत्रा तेवढा दिसत होता. काही जण धोंड हलवायला माणसं बोलावायला गेले होते, आता बसून राहण्याखेरीज काही काम नव्हतं.

चाचा मागे आले. "वहिनी, एवढे हादरे खाल्लेत, एकदा वाजवून बघा. काही मोडलं-बिडलं असेल तर आत्ता कळेल. महाडला कळून काय उपयोग?"

सासूबाईंना ते पटलं. ताडपत्री अर्धी वर केली, गोणपाट सोडलं. तोवर एसटीतली माणसं पाय मोकळे करायला उतरली होती. पोलादपूरकडची एक बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून ट्रकच्या फळीला हात लावून बघत राहिली.

"काय हाय गो त्या पेटाऱ्यात?"

"वाजवायची पेटी आहे."

"पेटीला पाय कशाला? शिवणयंत्र नाय ना?"

"नाही हो, पायानं हवा भरायची असते."

"मग शिवत काय नाय?"

"काय नाय," सासूबाई म्हणाल्या. त्या पोत्यावर बसल्या, पाय खाली पॅडलवर ठेवले आणि एक साधं गीत वाजवलं. ऑर्गन वाजला. पण मधली एक पट्टी सोडल्यावरही तिचा सूर चालूच राहिला. बाकीचं गाणं त्या एका सुरावर चालत राहिलं, जसं कोणी मागे नुसतं 'ऊं' धरून बसलंय.

चाचा म्हणाले, "हॉर्न अडकतो तसं झालंय हे."

सासूबाईंना रडू आलं, असं सासरे सांगत. सासूबाई म्हणत, "रडले-बिडले नाही. थंडी होती." एवढं मात्र दोघंही सांगत की माणसांनी थांबू दिलं नाही. आणखी वाजवा म्हणाले. सासूबाईंना भजनाच्या दोन-चार चाली येत होत्या, त्या वाजवल्या. एसटीचा कंडक्टर भजनी निघाला. त्याला तो न थांबणारा सूरच आवडला. "तंबोऱ्यासारखा लागतोय, राहू द्या," म्हणाला आणि फळीला टेकून गायला लागला. धोंड बाजूला होईपर्यंत ते चाललं. मग सगळे आपापल्या गाडीत बसले. पोलादपूरला पोचून चहा घेतला तेव्हा दिवस मावळत होता.

त्या पट्टीला घरात नाव पडलं घाटातला सूर. महाडचा कोणी पेटीवाला तो काढू शकला नाही. लाकूड खोलायची भीती वाटायची, मोडलं तर जोडणारा कोण? सासूबाईंनी त्यावर उपाय काढला होता. ती पट्टी दाबायची नाहीच, तिच्या जागी शेजारच्या सुरावरून पुढे जायचं. चुकून दाबली गेलीच तर करंगळीनं खालून उचलायची. मी आले तेव्हा सगळी मंडळी गीतं तशीच, तो सूर टाळून गात होती. नगरची मी, मूळ चालीनं गायला लागले की माझाच आवाज वेगळा पडायचा. पहिल्या रविवारी घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "चांगलं गातेस, पण इथे असं नाही म्हणत."

ऑर्गनची राखण कशी करायची ते त्यांनी मला शिकवलं, वाजवायला दिला नसला तरी. कोकणातल्या हवेत लाकडाचं काय होतं ते नगरच्या माणसाला सांगून कळत नाही. जून लागला की पट्ट्या फुगून एकमेकींना घासायच्या. म्हणून मागची फळी काढून आत एक छोटा बल्ब जळत ठेवायचा. कडुलिंबाचा पाला, कापूर. नदीचं पाणी गावात शिरायचं ते वेगळंच. महाडला पूर नवा नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ऑर्गन चार जणांनी उचलून वेदीजवळच्या चौथऱ्यावर चढवायचा आणि तिथूनही वर, जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवायचा. त्या दिवसांत सासूबाई चिऱ्यांवर मांडलेल्या स्टुलावर बसून वाजवत. एकदा मोठ्या पुरात पाणी चौथऱ्याला लागून परत गेलं. तेव्हापासून आम्हाला वाटत होतं, एवढी उंची पुरे.

सासूबाईंनी जागा सोडली ती गुडघ्यांमुळे. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, सासरे गेले होते, माझी मुलं कॉलेजात होती. एका रविवारी गीताच्या तिसऱ्या कडव्यात ऑर्गनचा आवाज खाली बसायला लागला. मी पानं उलटायला शेजारीच होते. मला दिसलं, त्यांचा उजवा पाय पॅडलवर नुसता टेकलेला आहे, दाबत नाहीये. आवाज विझत गेला. मंडळीनं उरलेलं कडवं तसंच म्हणून टाकलं. त्या मोठ्या मुश्किलीनं उठल्या, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हणाल्या, "बस तू."

एवढंच. त्यानंतर त्या पहिल्या बाकावर बसायला लागल्या. मी चुकले की तिथून खोकायच्या. घरी भाजी निवडताना मला विचारायच्या, "आज दुसरं गीत एवढं रेंगाळलं का?" मी म्हणायचे, "आई, लोकच रेंगाळतात." त्यावर म्हणायच्या, "लोक रेंगाळतात म्हणूनच तर ऑर्गन असतो." पण स्वतः परत कधी त्या पट्ट्यांना हात लावला नाही. मी दोन-तीनदा आग्रह केला. भाता भरल्याशिवाय बोटं काय कामाची, म्हणाल्या.

मग एक वर्षी जर्मन साहेब आले.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला त्यांच्या कंपनीनं त्यांना पाठवलं होतं. उंच, पिकल्या केसांचा, निवृत्तीला आलेला माणूस. लॉजवर राहायचा. चर्च आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून एका रविवारी आला आणि मागच्या बाकावर बसला. भाषा एक अक्षर कळत नव्हती. पण आम्ही एक गीत सुरू केलं त्याची चाल त्यांच्याकडचीच निघाली. ते त्यांच्या भाषेत मोठ्यानं गायला लागले. घाटातला सूर आला तिथे आम्ही सगळे शेजारच्या सुरावर गेलो आणि ते एकटे मूळच्या ठिकाणी. लहान मुलं मागे वळून बघायला लागली.

भक्तीनंतर ते ऑर्गनजवळ आले. पाळकसाहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं, मला बऱ्यापैकी. साहेबांनी विचारलं, "तो सूर तुम्ही का टाळता?"

मी पट्टी दाबून दाखवली. सूर निघाला आणि चालू राहिला.

ते हसले. सांगू लागले, त्यांच्या गावचं चर्च लुथरन पंथाचं, आणि तिथला ऑर्गन नळ्यांचा, भिंतभर उंच. त्यांची बायको तो वाजवते. ते स्वतः वाजवत नाहीत, पण आत शिरून दुरुस्त करतात, चर्चनं ते काम त्यांच्यावर सोपवलंय. फोनवर फोटो दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"एवढ्या नळ्या?" त्यांनी मला विचारलं. "आणि भाता कोण भरतं?"

मी विचारून सांगितलं, आता विजेवर चालतो, पूर्वी माणसं भरायची. साहेब म्हणाले, हा त्यांच्याकडचा तिसरा. पहिला फार जुना, आगीत गेला. दुसऱ्याच्या समोरच्या नळ्या कथलाच्या होत्या, त्या पहिल्या महायुद्धात सरकारनं वितळवायला नेल्या. त्यांच्या आजोबांच्या लग्नात ऑर्गन तसाच दात पडल्यासारखा उभा होता. हा तिसरा त्यानंतर गावानं बसवला.

सासूबाई म्हणाल्या, "आमचा दुसरा. त्यांना सांग, पहिला वाळवीनं खाल्ला."

मी सांगितलं. वाळवी म्हणजे काय ते समजायला त्यांना वेळ लागला. समजल्यावर मात्र ते गंभीर झाले.

पुढच्या शनिवारी दुपारी ते हत्यारांची पेटी घेऊन आले. सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. "मोडला तर?" हे त्यांनी पाळकसाहेबांना तीन वेळा विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, ते रोज याच्या शंभरपट यंत्रं खोलतात." "यंत्रं वेगळी," त्या म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर पहारा देत बसल्या.

साहेबांनी मागची फळी काढली, मग वरची चौकट उचलली. आतल्या, सूर काढणाऱ्या पितळी रीडा ओळीनं बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. त्या पट्टीखालची झडप एकदा उघडली की परत नीट बसत नव्हती. तिच्या चामड्यात एक बारीक काडी रुतून बसली होती. चिमट्यानं त्यांनी ती ओढून माझ्या तळहातावर ठेवली. गोणपाटाचा तंतू असावा, किंवा बटाट्याच्या पोत्याचा. इतकी वर्षं ती तिथे होती. साहेबांनी मग सगळ्याच रीडा ब्रशनं साफ केल्या, चामड्याला कसलीशी पूड लावली आणि चौकट परत बसवली.

"वाजवा," ते मला म्हणाले. मग थांबले आणि पहिल्या बाकाकडे बोट केलं. "नाही. त्यांना वाजवू दे."

मी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं. सासूबाईंनी मान हलवून नको म्हटलं. साहेबांनी काय करावं? त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतः जमिनीवर बसले, ऑर्गनच्या बाजूला, पाय पसरून. दोन्ही हात दोन पॅडलवर ठेवले आणि आलटून पालटून दाबायला लागले. भात्यात हवा भरल्याचा आवाज आला. ते वर बघत म्हणाले, "प्लीज."

परका माणूस फरशीवर बसलाय आणि आपण बाकावर, हे सासूबाईंना सहन होईना. त्या उठल्या. स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि घाटात वाजवलेलं तेच पहिलं गीत वाजवलं. आता तो सूर यायच्या जागी आला आणि संपायच्या जागी संपला. पण त्यांची बोटं सवयीनं शेजारी गेली, मग परत आली. साहेब खालून फार जोरात दाबत होते. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी वाकून त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"हळू. हळू दाबा. आमच्या लोकांना श्वास घ्यावा लागतो."

साहेबांना ते भाषांतराशिवाय कळलं.

ते काही महिने राहिले आणि गेले. त्यानंतर आमची मंडळी गीतं बरोबर म्हणायला शिकली, म्हणजे निम्मी शिकली. म्हातारी माणसं शेवटपर्यंत सूर टाळूनच म्हणत राहिली आणि त्या एका ठिकाणी दोन चाली ऐकू येत. साहेबांचा नाताळाला दरवर्षी मेसेज यायचा.

जुलैतला तो मोठा पूर सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काय सांगणार. आमचं घर तळमजल्यावर. पाणी वाढायला लागलं तसं चाचांचा मुलगा आला. चाचा तोवर वारले होते. मुलानं कुवेतहून परत येऊन जुन्या घराच्या जागी दुमजली बांधलं होतं. "वहिनी, आजीला घेऊन वर चला, सामान राहू दे," म्हणाला. सासूबाईंना त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं खुर्चीत बसवून उचलून नेलं. वरच्या मजल्यावर चार घरांची माणसं होती. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, नुसतं पाणी आणि त्यातून सिलेंडर वाहत जाताना दिसत होते. चाचांच्या सुनेनं सगळ्यांना खिचडी केली. सासूबाई तिला मदत म्हणून बसल्या बसल्या लसूण सोलत राहिल्या. ऑर्गनचं त्या दोन दिवसांत कोणीही नाव काढलं नाही. मलाच रात्रंदिवस ते चिरे डोळ्यांपुढे दिसत होते.

पाणी उतरल्यावर चर्चचं दार उघडेना. आत बाक तरंगून दाराला अडकले होते. चाचांच्या मुलानं आणि माझ्या नवऱ्यानं पहारीनं दार सरकवलं. पाणी वरच्या झरोक्यापर्यंत गेल्याची रेघ भिंतीवर होती. ऑर्गन चौथऱ्यावर नव्हता. तो तरंगत जाऊन बाकांवर उलटा पडला होता, पॅडल वर. आत चिखल भरलेला. लाकडाचे पापुद्रे सुटले होते, पट्ट्यांवरची पांढरी पानं गळून गेली होती.

वरच्या गावांमध्ये दरडीखाली माणसं गेली होती. बाजारपेठेत लोकांची अख्खी दुकानं गेली. त्यामुळे मी पेटीसाठी रडतेय असं कोणाला दिसू नये, म्हणून मी फावड्यानं चिखल ओढत राहिले.

आम्ही ऑर्गन बाहेर काढून अंगणात सावलीत ठेवला. मी रोज जाऊन थोडा थोडा चिखल काढायचे, जुन्या टूथब्रशानं रीडा घासायचे. पुण्याच्या एका पेटीवाल्याला फोटो पाठवले. तो फोनवर म्हणाला, "बाई, सरस सुटलाय, लाकूड फुगलंय. मी सगळं नवं करून देईन, पण मग तो तुमचा ऑर्गन राहणार नाही." जर्मन साहेबांनाही फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं, आधी माणसं कशी आहेत ते कळवा.

रस्ता सुकल्यावर सासूबाई माझ्या नवऱ्याचा हात धरून आल्या. ऑर्गनभोवती एक फेरी मारली. काठीनं भात्याच्या जागी टोचून पाहिलं, काठी आत गेली.

"काढा हा इथनं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, रीडा चांगल्या आहेत अजून. बघू तरी."

"काय बघायचंय? वास येतोय त्याला."

"एवढा तुम्ही घाटातून आणलात."

"आणला, वाजवला, झालं. भक्तीला येणाऱ्यांनी नाकाला पदर लावून आत जायचं का? उद्या नगरपालिकेची गाडी येईल कचरा उचलायला, तिच्यात द्या."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. गाडी गाद्या, कपाटं, फुगलेली पुस्तकं यांनी भरलेलीच होती. ऑर्गन वर चढवायला माणसं लागली. मी तेव्हा घरात भांडी घासत बसले, गेले नाही. सासूबाई गेल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, "नीट चढवला."

मग काही महिने आमच्याकडे काहीच वाद्य नव्हतं. नुसत्या तोंडानं गायचो. पहिलं गीत बरं व्हायचं, दुसऱ्यात सगळे खाली उतरायचे. ते पलीकडच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या बुवांच्या कानावर गेलं असावं. ते शाळेत मास्तर. त्यांच्याकडे दोन पेट्या होत्या, दोन्ही वरच्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या होत्या. एक त्यांनी आणून दिली. "तुमची येईपर्यंत ठेवा. आम्हाला एकादशीला लागेल तेवढी न्यायची."

मी हातपेटी कधी वाजवली नव्हती. सतरंजीवर बसून डाव्या हातानं भाता मारायचा आणि उजव्यानं वाजवायचं. सवयीनं माझा डावा हात भाता मारायचा विसरायचा आणि पाय साडीखाली खालीवर हलायचे. बुवा बघून म्हणाले, "ताई, पाय कशाला दमवताय?" त्या पेटीवर इंग्रजी चालींपेक्षा देशी चालीच गोड लागत. त्या दिवसांत आम्ही भजनं पुष्कळ गायली, आणि इतकी माणसं टाळ्या वाजवत गाताना मी आमच्या चर्चमध्ये आधी पाहिली नव्हती.

नंतर मुंबईच्या एका चर्चच्या मंडळीनं पूरग्रस्त म्हणून आम्हाला एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड पाठवला. खोक्यातून काढून घरच्या टेबलावर ठेवला. मला तो बघूनच नकोसा झाला. प्लॅस्टिकचा, हलका, काखेत मारून न्यावा असा. मी बटणं दाबून बघत होते, कुठल्या बटणानं ऑर्गनचा आवाज येतो ते सापडत नव्हतं. सासूबाई पलंगावरून उठून आल्या.

"ह्याला पायानं काही करायचं नाही?"

"नाही, वीज असते."

"बोटंही दाबावी लागत नाहीत वाटतं जोरात." त्यांनी एका बोटानं पट्टी दाबली. मग चार बोटांनी. मग टेबलाजवळची खुर्ची ओढली.

मी स्वयंपाकघरात गेले. डाळीला फोडणी घालताना बाहेरून गीत ऐकू यायला लागलं. मला वाटलं, आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. दुसरं, तिसरं. एका ठिकाणी चुकून ढोलक सुरू झाला, तो बंद कसा करायचा हे माहीत नसल्यामुळे त्या ढोलकासकट वाजवत राहिल्या. माझा नवरा कामावरून आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. माझी जागा जाणार हे मला तिथेच कळलं होतं. त्या रविवारी त्यांनी विचारलंही नाही. पांढरी साडी नेसून तयार झाल्या, चर्चमध्ये जाऊन कीबोर्डसमोर बसल्या, आणि मी आपली पानं उलटायला शेजारी उभी राहिले. मंडळीतली जुनी माणसं डोळे पुसत होती. सासूबाई मात्र घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बरं आहे हे, दम लागत नाही. हे आधी आलं असतं तर तुला एवढी वर्षं बसू दिलं नसतं."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

आता आमची वाटणी ठरली आहे. त्यांची तब्येत बरी असेल त्या रविवारी त्या वाजवतात, नसेल तेव्हा मी. वीज गेली तर बुवांची पेटी मागून आणतो, ती अजून मिळते. जर्मन साहेबांना मी सासूबाई वाजवतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो आपल्या बायकोला दाखवला आणि तिनं लिहिलं की आजींचा डावा हात फार चांगला आहे. मी वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उजव्याला काय झालंय?"

कीबोर्ड चर्चमध्ये ठेवत नाही. चार महिने पावसाळ्यात तो चाचांच्या मुलाच्या वरच्या मजल्यावर असतो, कपाटावर, गादीच्या कव्हरमध्ये गुंडाळलेला. रविवारी सकाळी माझा नवरा स्कूटर काढतो, मी मागे तो आडवा मांडीवर घेऊन बसते, आणि सासूबाई रिक्षानं आमच्या आधी पोचलेल्या असतात.